दसरा काढावा, मग बाजार गांठावा

भाद्रपदांत गणपतींचें विसर्जन झालें आणि पितृपंधरवडा लागला, कीं बारामती व इंदापूर या तालुक्यांतील घराघरांतून एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो : ‘औंदा दसरा कवा काढायचा?’ शहरी कानांना हा प्रयोग चमत्कारिक वाटेल. दसरा साजरा करावयाचा, त्या दिवशीं सोनें लुटावयाचें, हें सर्वांस ठाऊक आहे; पण तो काढावयाचा म्हणजे काय? या भागांत त्याचा अर्थ अगदीं ठरलेला आहे. घटस्थापनेपूर्वीं सबंध घर रिकामें करावयाचें. भिंती झाडून त्यांस चुना किंवा रंग द्यावयाचा. भुई सारवावयाची किंवा फरशी घांसावयाची. माळ्यावरचीं भांडीं खालीं काढून उजळावयाचीं. आणि घरांतील झाडून सारीं अंथरुणें-पांघरुणें कालव्यावर, ओढ्यावर अथवा विहिरीवर नेऊन धुवावयाचीं. या सगळ्या उद्योगास मिळून ‘दसरा काढणें’ असें नांव आहे.

हा उद्योग आटोपल्यावर तेंच घर, त्याच भिंती, तींच भांडीं आणि त्याच गोधड्या असतात. परंतु आंत पाऊल टाकणाऱ्याला घर निराळें भासतें. हवा हलकी वाटते, उजेड वाढलेला वाटतो, आणि वस्तु ओळखीच्या असूनहि नव्या दिसतात. खर्च मात्र थोड्या चुन्याचा, साबणाचा आणि फार तर एका कुंच्याचा झालेला असतो.

घर सजविण्याची आजची प्रचलित रीति याच्या अगदीं उलट आहे. घराला कंटाळा आलासा वाटला, कीं प्रथम दुकान आठवतें. नवे पडदे, नवा सोफा, भिंतीवर चिकटवावयाचा नक्षीचा कागद, कांचेचीं शोभेचीं कपाटें या वस्तू घरीं येतात. रोख पैसे नसल्यास हप्त्यानें येतात. पहिल्या महिन्यांत त्या नव्या दिसतात, चवथ्या महिन्यांत त्या अडगळींत जमा होतात, आणि हप्ता तेवढा नवाच्या नवा राहतो. ‘ऋण काढून सण’ ही म्हण पूर्वीं सणापुरती होती. आतां ती बैठकीच्या खोलीलाहि लागूं पडूं लागली आहे. दसरा काढण्याची रीति घरांतून वस्तू बाहेर काढण्यापासून आरंभ करते, आणि बाजाराची रीति वस्तू आंत आणण्यापासून. अल्प पैशांत घराला नवी कळा आणावयाची असेल, तर आरंभ कोठून करावा, याचें उत्तर या भेदांत आहे.

ही रीति या भागांत रुजली त्याला कारण आहे. बारामती-इंदापूरचा मुलूख कमी पावसाचा. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ सालीं सुटलें, तेव्हां ऊस आला, गूळ आला आणि पैसाहि आला. पण तत्पूर्वींची आणि त्यानंतरहि पुष्कळ वर्षांचीं येथील सामान्य घरें मातीचीं व धाब्याचीं होतीं. गांवच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानीत. काळी पिकावयाची, पांढरी वसावयाची. आणि या पांढरीच्याच मातीनें भिंती उठत व धाबीं घातलीं जात. श्रीमंतांचे वाडे अर्थातच दगडाविटांचे असत. बारामतीस कऱ्हेच्या कांठीं बाबूजी नाइकांचा जो वाडा आहे, तो पाहिला म्हणजे गढी आणि घर यांतील अंतर त्या काळीं किती थोडें होतें हें कळतें. या बाबूजी नाइकांच्याच आश्रयाला मोरोपंत (१७२९–१७९४) आले व आयुष्याच्या अखेरपर्यंत बारामतीकर होऊन राहिले. पण वाडा एक असला, तर त्याभोंवतीं मातीचीं घरें शेंकडों असत.

मातीच्या घराचा गुण असा, कीं तें दरवर्षीं हात मागतें. पावसाळ्यांत धाबें झिरपतें, भिंतीचे पोपडे सुटतात, सारवण उडतें. वर्षभर दुर्लक्ष झालें, तर पुढच्या वर्षीं भिंतच पडावयाची. म्हणून पाऊस ओसरतांच घराची डागडुजी करणें ही हौस नव्हती, निकड होती. धर्मानें तिला सणाची जोड दिली एवढेंच. सिमेंटचें घर असा हात मागत नाहीं. तें दहा वर्षें तसेंच उभें राहतें, आणि म्हणूनच तें दहा वर्षें तसेंच कळाहीन होत जातें. गाळ्यांत आणि सदनिकांत राहावयास आलेल्या कुटुंबांनीं मातीची भिंत मागें सोडली यांत वावगें कांहींच नाहीं. तिच्याबरोबर वर्षाची ही सवय सोडली, हें मात्र नुकसानीचें झालें.

आतां एक साधें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारा गृहस्थ, त्याची पत्नी, दोन शाळकरी मुलें. घर दोन खोल्या व स्वयंपाकघर. आणि घरासाठीं बाजूला काढतां येण्याजोगे रुपये तीन हजार. एवढ्या रकमेंत सोफा येत नाहीं. पण घर नवें निश्चित होतें.

पहिला दिवस केवळ रिकामें करण्याचा. एका वेळीं एकच खोली घ्यावी, आणि तिच्यांतील खिळ्यावरच्या दिनदर्शिकेपर्यंत सर्व कांहीं बाहेर काढावें. रिकाम्या खोलींत क्षणभर उभें राहिलें, म्हणजे आपली खोली वाटते त्याहून मोठी आहे, हें प्रथमच कळतें. मग बाहेरच्या वस्तूंचे तीन ढीग करावे : रोजच्या वापराचा, वर्षांतून एकदां लागणारा, आणि कधींच न लागणारा. तिसरा ढीग घरांत परत जाऊं नये. दुसरा माळ्यावर जावा. पहिला तेवढाच खोलींत यावा.

मात्र तिसरा ढीग भंगारवाल्याच्या तराजूंत टाकण्यापूर्वीं तो एकदां नीट चाळावा. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि इंदापूर तालुक्यांतील भीमाकांठचीं गांवें त्याच्या पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत जलाशय ओसरला म्हणजे जुन्या पळसदेवचें देऊळ अजूनहि वर दिसूं लागतें. ज्यांना गांव सोडावें लागतें, त्यांना काय न्यावें आणि काय टाकावें हा प्रश्न एका दिवसांत सोडवावा लागतो. आणि अशा वेळीं माणूस शिसवी पेटी, पितळेचा हंडा, देवघराची चौकट नेतो. स्वस्थ बसलेला माणूस मात्र याच वस्तू वजनावर विकतो आणि त्या पैशांत प्लॅस्टिकचा रॅक आणतो. आजीची लांकडी पेटी स्वच्छ पुसून, तिला तेलाचा हात देऊन, वर जाड घडी घातली, कीं दोन माणसांचें बसण्याचें आसन होतें आणि पोटांत पांघरुणेंहि राहतात. चिंच लावून घांसलेला पितळी तांब्या कोनाड्यांत ठेवला, तर त्याच्या तोडीची शोभेची वस्तु दुकानांत सहजासहजीं मिळत नाहीं.

जागेचा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा. दहा फूट बाय बारा फुटांची खोली म्हणजे एकशेंवीस चौरस फूट. सहा फूट लांब व अडीच फूट रुंद असा सोफा पंधरा चौरस फूट खातो. त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या साडेबारा, आणि मधलें मेज साडेचार. बत्तीस चौरस फूट, म्हणजे खोलीचा चवथ्याहून अधिक भाग, दिवसांतून तासभर बसण्यासाठीं कायमचा गेला. मुलांनीं पाट मांडून अभ्यास करावा, पाहुण्यानें रात्रीं आडवें व्हावें, गृहिणीनें शेवया वाळत घालाव्या, अशी जागा त्या घरांत उरत नाहीं. आपली जुनी बैठक गरीबीमुळें जमिनीलगत होती असें नव्हे. एकाच खोलीनें दिवसांतून चार कामें करावीं, हा तिच्यांतील शहाणपणा होता. गादी, सतरंजी, दोन लोड आणि गुडघ्यांना त्रास असलेल्या वडील माणसांसाठीं एक भक्कम खुर्ची, एवढ्यानें बैठक पुरी होते.

खोली रिकामी झाल्यावर उजेडाकडे पाहावें. पुष्कळ घरांत खिडकी असते आणि उजेड नसतो. कारण खिडकीसमोर कपाट उभें असतें, किंवा गजांवर व कांचांवर दोन वर्षांची धूळ बसलेली असते. कपाट हलविण्यास व कांच पुसण्यास पैसे पडत नाहींत. घरांतील आरसा खिडकीच्या समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीवर टांगला, तर दुसऱ्या खिडकीचें काम करतो. रात्रीच्या दिव्याचेंहि तसेंच. नऊ वॅटचा एलईडी दिवा सुमारें जुन्या साठ वॅटच्या तारेच्या दिव्याएवढा उजेड देतो. छताच्या मध्यावर एक प्रखर दिवा लावण्यापेक्षां मुलांच्या अभ्यासाच्या जागीं एक आणि बैठकीच्या कोपऱ्यांत पिवळसर उजेडाचा दुसरा असे दोन लावावे. खोलीचा चेहराच बदलतो. आणि ज्या मुलुखांत वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या घरांत जातो, तेथें पश्चिमेच्या खिडकीला जाड मखमली पडद्याहून वाळ्याचा पडदा अधिक शोभतो. त्यावर पाणी शिंपडलें कीं गारवा आणि सुगंध दोन्ही लाभतात.

यानंतर भिंत. भिंतीला ओल असेल तर रंगावर एक पैहि खर्चूं नये. आधीं ओलीचें कारण शोधावें. गच्चीची भेग, नळाची गळती किंवा तुंबलेली पन्हळ न बुजवितां दिलेला रंग दुसऱ्या पावसाळ्यांत पोपड्यांनीं गळून पडतो. भिंत कोरडी व चुन्याचीच असेल, तर चुन्यासारखा स्वस्त आणि स्वच्छ लेप दुसरा नाहीं. चुनकळी पाण्यांत थोडीथोडी सोडावी. ती फसफसते, भयंकर तापते आणि उडते. म्हणून हें काम मातीच्या किंवा लोखंडी भांड्यांत, मुलांना दूर ठेवून आणि डोळे जपून करावें. एक रात्र तें तसेंच राहूं द्यावें, जाड्याभरड्या फडक्यांतून गाळून घ्यावें, त्यांत थोडा भिजविलेला डिंक आणि चिमूटभर नीळ मिसळावी. भिंत ओलसर करून पहिला हात उभा, दुसरा आडवा आणि दोन्ही पातळ द्यावे. ओला असतां चुना फिकट दिसतो, म्हणून घाई करून दाट लेप देऊं नये. वाळतांना तो हवेंतील कर्बवायु शोषून घेतो, पांढरा होतो आणि दगडासारखा घट्ट बसतो. काव किंवा पिवडी मिसळली तर तांबूस वा पिवळसर छटा मिळते. तैलरंगावर किंवा प्लॅस्टिक रंगावर मात्र चुना धरत नाहीं. अशा घरांत चारहि भिंती रंगविण्याचा खर्च न करतां, दारांतून शिरतांच जी भिंत समोर दिसते तेवढी एकच डिस्टेंपरनें रंगवावी आणि बाकीच्या तीन नुसत्या पुसून घ्याव्या.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत नव्वदाहून अधिक नसावें, असा नियम भारत सरकारनें २०१६ सालीं केला. त्यापूर्वीं रंगविलेलीं दारें-खिडक्या कोरड्या कागदानें खरवडूं नयेत. पृष्ठभाग ओला करून घांसावा, मुलांना त्या दिवशीं दुसऱ्या घरीं ठेवावें, आणि धूळ झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी.

वस्त्रांच्या बाबतींत हा भाग स्वतःच श्रीमंत आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक मांडून, कांठापासून आंत धावदोरा घालीत शिवलेली गोधडी येथील घराघरांत आहे. ती लपवून ठेवण्याची वस्तु नव्हे. दसऱ्याला धुऊन, उन्हांत कडक वाळवून ती दिवाणावर अंथरली, तर दुकानांतील एकरंगी चादरीस तिच्यापुढें उभें राहतां येत नाहीं. शिवाय तिच्यांत आजीच्या इरकल लुगड्याचा तुकडा ओळखतां येतो, तो वेगळाच. मेंढपाळांच्या या प्रदेशांत घोंगडें हें तसेंच दुसरें धन. मेंढीच्या लोकरीचा ताणा चिंचोक्याच्या खळीनें ताठ करून सणगर तें मागावर विणतात. बैठकीला घोंगडें, त्यावर गुळेदगुड्डच्या खणाच्या अभ्र्याचे दोन तक्के, आणि लागलीच तर जवळच्याच सोलापूरची एक चादर, एवढ्यांत खोलीचे रंग जमतात. रंगांचा नियम सोपा आहे. खोलींत एक मुख्य रंग असावा, दुसरा त्याच्या सोबतीला, आणि तिसरा ठिपक्यापुरता. पांच रंग पांच दिशांना ओढूं लागले, कीं महाग वस्तूहि बाजारासारख्या दिसतात.

चित्रांविषयीं दोन शब्द. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछाप छापखाना काढला. पुढें तो याच पुणें जिल्ह्यांत, लोणावळ्याजवळ मळवली येथें हलविण्यांत आला. या छापखान्यानें लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यांतून सामान्य माणसाच्या ओसरीवर आणल्या. अल्प खर्चांत भिंत शोभिवंत करण्याचा एवढा मोठा प्रयोग या जिल्ह्यांत होऊन गेला आहे. पण त्या वेळीं तसबीर विकत घेणें हा प्रसंग असे. आतां चित्र फुकट मिळतें, म्हणून भिंतीवर दाटी होते. एका भिंतीला एक चित्र, तें उभ्या माणसाच्या दृष्टीच्या उंचीवर, आणि बाकीचीं पेटींत. दर सहा महिन्यांनीं अदलाबदल केली, कीं घरांत नवें चित्र आल्याचा आनंद विनामूल्य मिळतो. मुलाचें शाळेंतील एखादें चित्र चौकटींत घातलें, तर त्या भिंतीशीं मुलाचें नातें जुळतें.

जवळच्याच साधनांनीं सौंदर्य निर्माण करतां येतें, हें मोठ्या माणसांनींहि दाखवून दिलें आहे. १९३६ च्या डिसेंबरांत खानदेशांत फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. त्याच्या सजावटीसाठीं महात्मा गांधींनीं शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलाविलें, आणि त्या थोर चित्रकारानें बांबू व तत्सम गांवच्याच साधनांतून सारी नगरी सजविली. सेवाग्रामच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनीं ताडाचीं झाडें आणि चरखा मातींतच उठावून काढले आहेत. त्या भिंतीला दुसऱ्या शोभेची उणीव भासत नाहीं. या दोन्ही ठिकाणीं नसलेल्या वस्तूंनीं जितकें सौंदर्य साधलें आहे, तितकेंच असलेल्या वस्तूंनीं.

हिरवें झाड ही स्वस्त शोभेंतील अखेरची पायरी. तुळस, कोरफड, शेजाऱ्याकडून मागून आणलेली मनीप्लँटची फांदी यांना मोल पडत नाहीं. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशीं भोंकें पाडून बाहेरून काव दिली, कीं कुंडी तयार होते. फक्त कुंडीखालच्या बशींतील पाणी आठवड्यांतून एकदां न चुकतां ओतून टाकावें; डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यांत वाढतात.

आतां त्या तीन हजारांचा हिशेब. पहिला हजार दुरुस्तीला : गळका नळ, तुटका कडीकोयंडा, किरकिरणारी बिजागरी. रोज डोळ्यांना व कानांना टोंचणाऱ्या या गोष्टी जोंवर आहेत, तोंवर कोणतीहि सजावट उठून दिसत नाहीं. दुसरा हजार भिंतीला व दिव्यांना. तिसऱ्यांतून अभ्रे, वाळ्याचा पडदा अथवा एखादी चौकट, असें घराच्या पसंतीचें कांहीं घ्यावें. आणि तेंहि घर रिकामें करून पुन्हां लावल्यावर आठ दिवसांनीं. त्या आठ दिवसांत पुष्कळदां असें आढळून येतें, कीं घ्यावयाच्या यादींतील निम्म्या वस्तूंची आतां गरजच राहिलेली नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जिचा हिशेब रुपयांत होत नाहीं. दसरा काढण्याची ही जुनी रीति स्वस्त होती, त्याचें एक कारण असें, कीं तिच्यांतील श्रमाची किंमत कोणी धरलीच नाहीं. भिजल्यावर पुरुषालाहि न उचलणारी वाकळ बाईनें एकटीनें आपटून धुवावयाची, मग भांडीं, मग भिंती, मग नवरात्राचे उपास. आणि सणाच्या दिवशीं घर उजळलेलें, पण गृहिणी अंथरुणाला टेकलेली, असें कितीतरी घरांत घडत आलें आहे. अल्प खर्चाची सजावट जर एकाच माणसाच्या पाठीवर लादली जाणार असेल, तर ती अल्प खर्चाची नव्हे. खर्च फक्त दुसऱ्या वहींत लिहिला गेला, एवढेंच. म्हणून कामें वांटून घ्यावीं. ओलीं वस्त्रें उचलणें, माळा उतरविणें, चुना देणें हीं कामें घरच्या पुरुषानें करावीं. भांडीं उजळणें व तीन ढीग करणें मुलांना द्यावें, कारण काय ठेवावें व काय सोडावें हें शिकण्यास त्याहून चांगला पाठ नाहीं. आणि सारें काम दोन दिवसांत उरकण्याचा अट्टाहास न धरतां चार रविवारांत विभागावें. तसें केलें, तर दसऱ्याच्या संध्याकाळीं आपट्याचीं पानें घेऊन येणाऱ्यांचें स्वागत करावयास घराबरोबर घरांतलीं माणसेंहि ताजीं असतील, आणि पुढच्या महिन्यांत कोणाचा हप्ताहि द्यावा लागणार नाहीं.